सुरेल गाणे माणसाला चांगले करते का?

जो चांगले गातो तो दोनदा प्रार्थना करतो, हे वचन आपल्याकडे गायकवृंदातल्या प्रत्येकाला पाठ असते. संत ऑगस्टीन यांच्या नावावर ते सांगितले जाते. नवा सभासद मिळवायचा असो, की नाताळच्या तोंडावर तालीम लांबली म्हणून कुरकुरणाऱ्यांची समजूत काढायची असो, हे वचन हमखास कामी येते. पण याच संताने आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात गाण्याविषयी फार जपून लिहिले आहे. गीतातल्या आशयापेक्षा गाणाऱ्याचा आवाजच आपल्याला अधिक हलवून सोडतो असे जेव्हा होते, तेव्हा आपल्या हातून पाप घडते, अशी कबुली ते देतात. अशा वेळी ते गाणे ऐकलेच नसते तर बरे, असेही त्यांना वाटते. मात्र गाणे बंद करा, असे ते म्हणत नाहीत. इ. स. ३८७ मध्ये मिलान शहरात त्यांचा स्नानसंस्कार झाला, त्या दिवसांत तिथल्या चर्चमधील गाणी ऐकून त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्या अश्रूंनी त्यांचे भले केले होते. म्हणून एवढा मोठा तत्त्वज्ञ हा प्रश्न पुरता न सोडवताच पुढे जातो.

आपणही तो सहसा सोडवत नाही. मिस्सा सुरेल झाली की आपण समाधानाने घरी जातो. आजची मिस्सा छान झाली, असे म्हणताना पुष्कळदा गाणी छान झाली एवढेच आपल्याला म्हणायचे असते. सुरेल गाण्याने आपण अधिक चांगले होतो का, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. तो अगदी अंगावर येतो अशा एका वाटेवर आज आपण जाऊ या. ती वाट आहे जर्मनीतल्या जुन्या चर्चनगरांची, आणि जगभरचे गायकवृंद तिच्यावरून प्रवास करीत असतात.

गायकांची वाट

अमेरिका, इंग्लंड आणि इतर देशांतील चर्चचे गायकवृंद अशी सहल आखतात. साधारण आठ-दहा दिवस, एक बस, तीस-चाळीस माणसे आणि प्रत्येकाच्या पिशवीत स्वरलिपीची वही. एका गावी रविवारच्या उपासनेत गायचे, दुसऱ्या गावी दुपारी अर्धा तास, तिसऱ्या गावी संध्याकाळी कार्यक्रम आणि दाराशी ऐच्छिक दानाची पेटी. थुरिंगिया आणि सॅक्सनी या प्रांतांत ही गावे जवळजवळ आहेत. आयसेनाखपासून वायमार आणि लाइपझिगमार्गे ड्रेस्डेनपर्यंतची वाट जेमतेम अडीच-तीनशे किलोमीटरची. पण योहान सेबास्टियन बाख यांचे जन्मगाव, त्यांची नोकरीची गावे आणि मार्टिन ल्युथर यांच्या शाळेचे, मठाचे, प्रवचनांचे ठिकाण हे सारे या टापूत आणि त्याच्या आसपास येते.

दगडी चर्चमध्ये गाणे हीसुद्धा एक शिकवण असते. उंच छताखाली सूर विरायला काही सेकंद लागतात. घरच्या सभागृहात जलद गायलेले गीत तिथे तसेच गायले, तर एक शब्द दुसऱ्यावर चढतो आणि नुसता गलका उरतो. म्हणून गायकवृंदाच्या संचालकाला तिथे थांबायला शिकावे लागते. मागचा शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला की मग पुढचा.

कॅथलिक गायकांनी ल्युथरन चर्चमध्ये गावे का, अशी शंका कुणाला येईल. त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. बाख हे निष्ठावंत ल्युथरन. तरीही त्यांनी लॅटिन मिस्साचे संपूर्ण संगीत रचले आणि त्यातील पहिले दोन भाग १७३३ साली ड्रेस्डेनच्या कॅथलिक राजाला अर्पण केले. ल्युथर यांना १५०७ साली गुरुदीक्षा मिळाली ती एरफुर्ट येथे, आणि तिथले महामंदिर आजही कॅथलिकांचे आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्युथरन जागतिक महासंघ यांनी तारणाविषयीच्या एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २३ सप्टेंबर २०११ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट स्वतः एरफुर्टच्या ऑगस्टीनियन मठात गेले आणि ल्युथर जिथे राहिले होते तिथे प्रॉटेस्टंट बंधुभगिनींबरोबर त्यांनी प्रार्थना केली. तेव्हा तिथे गावे की नाही, हा आता अडचणीचा प्रश्न राहिलेला नाही. खरा प्रश्न त्याहून अवघड आहे. ज्या गावांनी इतके सुंदर गायिले, त्या गावांत पुढे जे घडले ते कसे घडले?

ज्या पुस्तकातून 'हालेलुया' गेले

आयसेनाखच्या संत जॉर्ज चर्चमध्ये मार्च १६८५ मध्ये बाळ बाख यांचा स्नानसंस्कार झाला. त्याआधी सुमारे दोनशे वर्षे, शाळकरी मार्टिन ल्युथर याच गावात दारोदार गाणी म्हणून भाकरी मागत असे. गावावरच्या डोंगरात वार्टबुर्गचा किल्ला आहे. तिथे ल्युथर यांनी नव्या कराराचा जर्मन अनुवाद केला. गायकवृंदाला याहून पवित्र गाव कोठे मिळणार?

याच वार्टबुर्गवर ६ मे १९३९ रोजी एका संस्थेचे उद्घाटन झाले. जर्मन ख्रिस्ती जीवनावरील ज्यू प्रभाव शोधून नाहीसा करणे, हे तिचे काम. ती कोणा गुंडांनी काढली नव्हती. तिच्यामागे काही प्रांतीय प्रॉटेस्टंट ख्रिस्तसभा होत्या. तिच्यात पाळक होते, ईशज्ञानाचे प्राध्यापक होते. १९४१ साली या संस्थेने गीतांचे एक नवे पुस्तक काढले. जुन्या, आवडत्या चाली त्यात राहिल्या. मात्र 'हालेलुया', 'होसान्ना', 'सियोन' असे हिब्रू शब्द गाळण्यात आले. ज्या प्रभूची आई ज्यू, ज्याचे प्रेषित ज्यू, ज्याच्या ओठांवर दाविदाची स्तोत्रे होती, त्याच्या उपासनेतून त्याच्याच लोकांची भाषा हाकलली गेली. आणि लोक गात राहिले. सूर काही बिघडले नाहीत.

हे त्यांचे पाप, आपले नव्हे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. विटेनबर्ग येथे ल्युथर ज्या चर्चमध्ये प्रवचन करीत, त्या नगर चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर एक जुने दगडी शिल्प आहे. डुकरिणीचे दूध पिणारे ज्यू त्यात कोरले आहेत. ल्युथर यांनी १५४३ साली ज्यूंविरुद्ध अत्यंत कठोर लिखाण केले, हे खरे. पण ते शिल्प तेराव्या शतकातले आहे, म्हणजे ल्युथर यांच्या जन्माच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे. ते बसवले तेव्हा ते चर्च कॅथलिकच होते. १९८८ साली त्याच्याखाली जमिनीवर एक स्मारकपट्ट बसवला गेला. एका ज्यू नागरिकाने शिल्प काढून टाकावे म्हणून खटला भरला, आणि १४ जून २०२२ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते काढण्यास नकार दिला. त्या शिल्पाखालून कितीतरी पिढ्या गीते म्हणत आत गेल्या.

आपल्या शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतही ज्यू लोकांना विश्वासहीन ठरवणारा शब्द होता. पोप तेविसावे जॉन यांनी तो १९५९ साली काढला. २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या दस्तऐवजात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ज्यूद्वेषाचा निषेध केला. शब्द गाळावेत तर असे गाळावेत. आयसेनाखच्या लोकांनी देवाचा शब्द गाळला आणि द्वेष ठेवला. परिषदेने द्वेष गाळला.

गाव खाली, छावणी वर

वायमार हे गाव कवींचे आणि संगीतकारांचे. बाख यांनी इथे १७०८ ते १७१७ अशी नऊ वर्षे चाकरी केली. इथल्या नगर चर्चमधील १५५५ सालचे क्रानाख यांचे वेदीचित्र पाहायला आजही माणसे लांबून येतात. गावापासून आठ-दहा किलोमीटरवर एटर्सबर्ग नावाची टेकडी आहे. कवी गटे यांच्या आवडीची. १९३७ च्या जुलैत तिथली झाडे तोडून नाझींनी बुखेनवाल्ड ही छळछावणी उभारली. आठ वर्षांत तिथे अडीच लाखांहून अधिक माणसे डांबली गेली आणि सुमारे ५६ हजार मेली.

त्या छावणीतही गाणे होते, हे गायकवृंदाच्या सभासदांनी विसरू नये. कमांडंटच्या हुकुमावरून १९३८ च्या अखेरीस कैद्यांकडून छावणीचे गीत तयार करून घेतले गेले. थंडीत तासन्‌तास उभे करून हजारो उपाशी माणसांकडून ते गाऊन घेत. त्याचे शब्द लिहिणारे फ्रिट्स ल्योनर-बेडा १९४२ साली ऑश्विट्झ येथे मारले गेले. म्हणजे गाणे छळाचे हत्यारही होऊ शकते. आवाज तोच, घसा तोच, सूरही कदाचित तितकाच अचूक.

त्याच मैदानावर आणखी एक आवाज उमटला. पाऊल श्नायडर हे एका खेड्यातले प्रॉटेस्टंट पाळक. त्यांनी नाझी झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना एकांत कोठडीत टाकले होते. पुनरुत्थान सणाच्या दिवशी कैदी मैदानावर उभे असताना त्यांनी कोठडीच्या खिडकीला धरून प्रभूच्या पुनरुत्थानाची घोषणा केली. पहारेकऱ्यांनी त्यांना ओढून मारले. १८ जुलै १९३९ रोजी त्यांची हत्या झाली. पुढच्या वर्षी ३० मे १९४० रोजी ओटो नॉयरुरर या ऑस्ट्रियन कॅथलिक धर्मगुरूंनी त्याच छावणीत प्राण सोडला. धर्मकार्य करण्यास बंदी असताना त्यांनी एका कैद्याला संस्काराची तयारी करून द्यायचे मान्य केले, म्हणून त्यांना उलटे टांगण्यात आले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना १९९६ साली धन्यवादित घोषित केले. श्नायडर यांच्या त्या हाकेला ना चाल होती ना ताल. पण त्या वर्षी साऱ्या जर्मनीत पुनरुत्थानाचे याहून खरे गीत कोणते असेल?

अमेरिकी सैन्याने छावणी मुक्त केल्यावर १६ एप्रिल १९४५ रोजी वायमारच्या सुमारे एक हजार नागरिकांना टेकडीवर नेऊन सारे दाखवण्यात आले. आम्हाला काही ठाऊक नव्हते, असे पुष्कळजण म्हणाले. त्यांत दर रविवारी चर्चमध्ये गाणारेही असतीलच.

मग गाणे निरुपयोगी का?

इथपर्यंत आल्यावर कुणी म्हणेल, यात गाण्याचा काय दोष? संगीत निरपराध आहे, दोष माणसांचा. हे म्हणणे सोपे आहे, पण आयसेनाखचे पुस्तक ते खोटे पाडते. गाण्यात काहीच सामर्थ्य नसते, तर 'हालेलुया' गाळण्याची गरज कोणाला पडली असती? तो एक शब्द दर रविवारी त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता. लाइपझिग शहराने हेच आणखी एका प्रकारे दाखवले. बाख यांचे, संत मत्तयच्या शुभवर्तमानावर आधारलेले प्रभूच्या दुःखसहनाचे संगीत लोक जवळजवळ विसरले होते. ११ मार्च १८२९ रोजी बर्लिन येथे ते पुन्हा लोकांसमोर आणले फेलिक्स मेंडेल्सोन यांनी. ते जन्माने ज्यू कुटुंबातले, लहानपणी स्नानसंस्कार झालेले. पुढे लाइपझिगमध्ये त्यांनी मोठे काम केले आणि शहराने त्यांचा पुतळा उभारला. नोव्हेंबर १९३६ मध्ये तो पुतळा रातोरात हटवण्यात आला. बाख यांचे संगीत हवे होते, ते परत मिळवून देणारा माणूस नको होता. शहराचे महापौर कार्ल ग्योर्डलर यांनी मात्र या कारणावरून पद सोडले. पुढे हिटलरविरोधी कटात त्यांना फाशी झाली. २००८ पासून त्या पुतळ्याची प्रतिकृती बाख यांच्या संत थॉमस चर्चजवळ उभी आहे.

दुसरा कुणी उलट बाजूने विचारील: मग गाणे सोडून न्यायाचेच काम का करू नये? आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देवाने हेच तर सांगितले. तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा; त्यापेक्षा न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असा त्याचा अर्थ. आमोसचे हे शब्द प्रत्येक गायकवृंदाच्या माळ्यावर लावून ठेवण्याजोगे आहेत. पण ज्या बायबलमध्ये आमोस आहे, त्याच बायबलमध्ये दीडशे स्तोत्रेही आहेत. देवाला गाणे नको आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्या गाण्याच्या मागे माणूस उभा नाही, ते गाणे देवाला नको आहे.

मला वाटते, याचे उत्तर असे आहे. गाणे साक्ष देते. सक्ती करीत नाही. ते आपल्याला हाताला धरून चांगले करू शकत नाही. पण आपण कोण व्हायला हवे, हे ते आपल्याच तोंडून वदवून घेते. चर्चमध्ये गायलेले प्रत्येक गीत म्हणजे चारचौघांत मोठ्याने दिलेला शब्द असतो. दिलेला शब्द पाळता येतो आणि मोडताही येतो. पण एकदा दिल्यावर, आपण काही बोललोच नव्हतो, असे म्हणता येत नाही.

बाख यांना हे नीट ठाऊक होते. त्यांच्या दुःखसहनाच्या संगीतात गायकवृंदाला केवळ भाविकांचे काम नाही. येशूला क्रुसावर खिळा, असे ओरडणारा जमावही गायकवृंदच असतो. प्रभूला धरून देणारा मी तर नाही ना, असे घाबरून विचारणारे शिष्यही तेच, आणि लगेच पुढच्या गीतात, शिक्षेला पात्र मीच आहे, अशी कबुली देणारेही तेच. झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचे वाचन करताना आपणही बाकांवरून 'त्याला क्रुसावर खिळा' असे म्हणतो. काहींना ते म्हणताना संकोच वाटतो. तो संकोच मोलाचा आहे. ज्याला तो वाटत नाही, त्याने फक्त वाचन केले.

दाराबाहेर गेलेली प्रार्थना

दिलेला शब्द पाळला गेला, अशाही जागा या वाटेवर आहेत. लाइपझिगच्या संत निकोलस चर्चमध्ये १७२४ च्या शुभ शुक्रवारी बाख यांचे, संत योहानच्या शुभवर्तमानावर आधारलेले दुःखसहनाचे संगीत प्रथम सादर झाले. त्याच चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी शांतीसाठी प्रार्थना होऊ लागली. सुरुवातीला मोजकी माणसे येत. कम्युनिस्ट राजवटीला ते खुपत होते. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी सत्ताधारी पक्षाने आपल्या शेकडो माणसांना आधीच बाकांवर बसवून ठेवले. त्यांनीही आशीर्वचने ऐकली. बाहेर पोलीस आणि सैनिक सज्ज होते. गोळीबार होणार अशी भीती शहरभर पसरली होती. शहराच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट मासुर आणि आणखी पाच जणांनी शांततेचे आवाहन केले. प्रार्थना संपली, दारे उघडली आणि सुमारे सत्तर हजार माणसे रस्त्यांवरून चालली. कितीतरी हातांत मेणबत्त्या होत्या. एका हाताने मेणबत्ती धरायची आणि दुसऱ्याने ज्योत विझू नये म्हणून आडोसा करायचा. मग दगड उचलायला हात उरतच नाही. गोळी सुटली नाही. महिनाभराने, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

वाटेचे शेवटचे गाव ड्रेस्डेन. तेथील ज्यू सभास्थान ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जाळण्यात आले. १३ आणि १४ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्रिटिश व अमेरिकी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. २५ हजारांपर्यंत माणसे मेली, त्यांत होली क्रॉस चर्चच्या प्राचीन गायकवृंदातली अकरा मुले होती. त्यांचे संचालक रुडॉल्फ माउअर्सबर्गर यांनी यिर्मयाच्या विलापगीतातले शब्द घेऊन एक शोकगीत रचले. ४ ऑगस्ट १९४५ रोजी, वाचलेल्या मुलांनी ते आपल्या जळक्या चर्चमध्ये गायिले. यरुशलेमच्या नाशावर ज्यू संदेष्ट्याने केलेला आक्रोश आता जर्मन मुलांच्या तोंडी आला. ज्या लोकांची भाषा उपासनेतून हाकलली गेली होती, त्यांच्याच शब्दांत रडावे लागले.

त्याच बॉम्बहल्ल्यानंतर ड्रेस्डेनचे 'आमच्या स्वामिनी'चे प्रॉटेस्टंट चर्च कोसळले. दगडांचा ढीग जवळजवळ पन्नास वर्षे तसाच पडून होता. जमेल तिथे जुनेच दगड वापरून ते पुन्हा बांधले गेले आणि ३० ऑक्टोबर २००५ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनमध्ये घडवला गेला. तो घडवणाऱ्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी एक होते. नवे ज्यू सभास्थानही ९ नोव्हेंबर २००१ रोजी उभे राहिले. त्याच्यावर दाविदाचा तारा आहे तो जुनाच. जुने सभास्थान जळाले तेव्हा अग्निशमन दलातल्या एका माणसाने तो उचलून लपवून ठेवला होता. वैमानिकाचा मुलगा आणि आगीचा बंब हाकणारा तो माणूस गायकवृंदात होते की नाही, कोण जाणे. पण गीतांत जे म्हटले जाते ते त्यांनी हातांनी केले.

गाण्याचा अधिकार

प्रॉटेस्टंट पाळक डीट्रिख बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी फाशी दिले. १९३५ ते १९३७ या काळात ते तरुण पाळकांना शिकवत. उपासना आणि गायन यांची त्यांना फार आवड. पण त्यांचे शिष्य आणि मित्र एबरहार्ट बेट्गे यांनी त्यांचे एक मत नोंदवून ठेवले आहे: ज्यू बांधवांसाठी जो आवाज उठवतो, त्यालाच ग्रेगोरियन सूर आळवण्याचा अधिकार आहे, अशा अर्थाचे. आपले तरुण सुंदर उपासनेत रमून बाहेरच्या किंकाळ्या विसरतील, ही भीती त्यांना होती.

आपल्या ख्रिस्तसभेलाही गाण्याच्या या मोहाची जाणीव आहे. उपासनेतील संगीत हा उपासनेचाच अविभाज्य भाग आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले. आणि ५ नोव्हेंबर १९८७ रोजी रोमच्या उपासनाविषयक खात्याने चर्चमधील संगीत कार्यक्रमांसाठी पत्रक काढले. प्रवेश सर्वांना खुला व विनामूल्य असावा, गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी त्या जागेला शोभेल असे वागावे, असे त्यात बजावले आहे. तिकीट लागले की गरीब दाराबाहेर राहतो, आणि ज्याच्या नावाने गाणे चालले आहे तोही त्याच्याबरोबर बाहेरच राहतो.

जर्मनीला जाणारा गायकवृंद असो, की आपल्या धर्मग्रामातला, तीन प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. आपण जे गातो त्याचा अर्थ आपल्याला कळतो का? ज्या भिंतींमध्ये आपण गातो, तिथे पूर्वी कोण रडले, हे आपण विचारतो का? आणि आपल्या गाण्याच्या वेळी दाराबाहेर कोण उभे आहे?

तिसरा प्रश्न आपल्याला फार जवळचा आहे. बुखेनवाल्ड दूर आहे. शेजारी जवळ आहे. वाडीलगतच्या झोपडीतले परप्रांतीय मजूर, जातीवरून आजही वेगळे बसवले जाणारे आपलेच ख्रिस्ती बंधू, जमिनीच्या तुकड्यावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले सख्खे भाऊ, आपल्यापेक्षा वेगळ्या धर्माचा म्हणून ज्याला भाड्याने खोली नाकारली तो तरुण. वायमारच्या लोकांची टेकडी आठ-दहा किलोमीटरवर होती. आपली कधी कधी कुंपणापलीकडे असते. आम्हाला ठाऊक नव्हते, हे वाक्य आपल्या तोंडी फार सहज येते. आणि गायकवृंदातही रुसवे असतातच. एकल गीत कोणी गायचे, मायक्रोफोन कोणाच्या हाती द्यायचा, यावरून एकमेकांशी न बोलणारे दोघे शेजारी शेजारी उभे राहून शांतीचे गीत गातात. सूर जुळतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात यावर सरळ मार्ग सांगितला आहे. वेदीपाशी अर्पण आणले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. गाणे हेही आपले अर्पणच आहे. ते फेकून द्यायला प्रभूने सांगितले नाही. तिथेच ठेवून, जाऊन, परत यायला सांगितले आहे.

येत्या रविवारी प्रवेशगीतासाठी उभे राहण्याआधी आपण एकदा मागे वळून बाकांकडे पाहू या. ज्याच्याकडे पाहणे आपण टाळतो, तो तिथे कोठेतरी बसलेला असेल. नसेल, तर तो का आला नाही, हे आपल्याला बहुधा ठाऊक असते. मिस्सा संपल्यावर त्याच्या घराकडे जाणारा रस्ता काही फार लांब नाही.